कच्ची रेघ

कोथरूडमधल्या एका सोसायटीत पुनर्विकासाची मीटिंग होती. गच्चीवर प्लास्टिकच्या खुर्च्या, चहा, क्रीमरोल. बिल्डरकडच्या तरुणाने पडद्यावर नव्या इमारतीची चित्रं लावली. संध्याकाळचं जांभळं आकाश, बाल्कनीत कॉफी पिणारं परदेशी जोडपं, खाली पुण्यात कुणी पाहिला नसेल इतका रिकामा फुटपाथ. त्यावर पाऊणएक तास चर्चा रंगली, आणि ती होती बाल्कनीची काच हिरवट हवी की निळसर यावर. स्वयंपाकघरात वारा कुठून येणार, जिन्याखाली सायकली मावणार का, लिफ्टमधून बाहेर पडल्यावर आजोबांची व्हीलचेअर वळणार कशी, हे कोणी विचारलं नाही. माणसं भोळी होती असं अजिबात नाही. वाण्याच्या बिलात दोन रुपये जास्त लागले तर दुकानात परत जाणारी मंडळी ती. पण समोरचं चित्र इतकं पुरं झालेलं होतं, की त्यात बोट घालायला फटच नव्हती. बोलण्यासारखा उरला होता तो फक्त रंग.

मी आर्किटेक्ट, सभासदांच्या बाजूने सल्ला द्यायला म्हणून गेले होते. प्रोजेक्टर बंद झाल्यावर मी त्यातल्याच एका फ्लॅटचा नकाशा बटर पेपरवर पेन्सिलने काढायला बसले. मुद्दाम जाड, जराशी खरबरीत रेघ. पाच-सात जण भोवती जमले. बँकेतून निवृत्त झालेले एक काका चष्मा कपाळावर सरकवून वाकले आणि म्हणाले, "म्हणजे दार उघडलं की थेट बेसिन दिसणार?" मी पेन्सिल त्यांच्या हातात दिली. "छे हो, मला कुठे येतंय चित्र," म्हणत त्यांनी ती घेतली, बेसिनवर काट मारली आणि ते पॅसेजच्या टोकाला नेलं. मग मागून काकू म्हणाल्या, "अहो, तिथे बेसिन गेलं तर फ्रिज कुठे ठेवणार?" पेन्सिल काकूंकडे गेली. ओट्याशेजारी एक चौकोन आला. फ्रिजचं दार कुठल्या बाजूला उघडतं ते दाखवणारी गोलसर रेघसुद्धा काकूंनी मारली, कोणी न शिकवता. आणि ती रेघ ओट्याला धडकली तेव्हा त्याच म्हणाल्या, "हे नाही जमणार."

पडद्यावरच्या त्या जांभळ्या चित्रात काकूंना फ्रिज सरकवता आला नसता. मला हाताने काढलेल्या रेखाटनाचं अगत्य आहे ते एवढ्यासाठी. अजून काही ठरलेलं नाही हे पेन्सिलच्या रेघेकडे बघूनच कळतं, त्यामुळे माणसं बोलतात, प्रसंगी भांडतात. आमच्या धंद्यात हे भांडण जितक्या लवकर होईल तितकं स्वस्त पडतं. कागदावर भिंत सरकवायला खोडरबर पुरतं. जागेवर सरकवायची तर आधी बिगारी, मग राडारोडा उचलणारा टेम्पो, मग शेजाऱ्यांची तक्रार.

इथे एक गोष्ट सांगून टाकते. 'आमच्या वेळी' म्हणून उसासे टाकणाऱ्यांतली मी नाही. आमच्या वेळी रेघा आखायचा टी-स्क्वेअर होता, गेटवेचा ट्रेसिंग पेपर होता, ऐन सबमिशनच्या रात्री तुंबणारी रॉट्रिंगच्या शाईपेनाची 0.2 ची निब होती. शाईची रेघ चुकली की ब्लेडच्या पात्याने ट्रेसिंगवरून ती हळूहळू खरवडायची, आणि कागदाला भोक पडलं की रडायचं. पावसाळ्यात कागद फुगायचा. प्रिंटच्या दुकानातून बाहेर पडताना अमोनियाने डोळे चुरचुरायचे. नोकरी लागल्यावर महापालिकेत दाखल करायच्या नकाशांच्या प्रती हाताने रंगवल्या आहेत: नवं बांधकाम लाल, पाडायचं ते पिवळं, प्रत्येक प्रतीवर तेच. ही सगळी हमाली होती. आधीच ठरलेलं चित्र सुबक करण्याची हमाली. 1982 मध्ये संगणकावर नकाशे काढायचं ऑटोकॅड आलं, पुढे ते आमच्या टेबलापर्यंत पोचलं आणि ही हमाली गेली, फार बरं झालं. त्या ड्राफ्टिंग बोर्डाचा फोटो टाकून हळहळणारे लोक बहुतेक त्यावर फार रात्री बसलेले नसावेत.

मी बोलतेय ते त्याच्या आधीच्या चित्राबद्दल. काय बांधायचं हे अजून डोक्यात नसताना, ते शोधायला म्हणून काढलेल्या चित्राबद्दल. ते काम संगणकाने घेतलेलं नाही, पण आपण त्याला परस्पर देऊन टाकलं.

गंमत अशी, की संगणकावर चित्र काढण्याची सुरुवात पेनानेच झाली. 1963 मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीत इव्हान सदरलंड यांनी पीएचडीसाठी जो प्रोग्राम केला त्याचं नाव होतं 'स्केचपॅड', आणि त्यात पडद्याला प्रकाशपेन टेकवून रेघा काढायच्या. रेघा ओबडधोबड आल्या तरी चालत. या दोन समांतर, इथे काटकोन, असं सांगितलं की यंत्र त्या नीट करून देई. त्या काळात हे अद्भुतच होतं. पण यंत्राला रेघ नीट करायची घाई पहिल्या दिवसापासून आहे, आणि त्या घाईने आमचं काय होतं ते मी रोज ऑफिसात बघते.

भिंत काढायची म्हटलं की कॅडमध्ये आधी जाडी ठरवा. 230 की 150? तासाभरापूर्वी क्लायंट फोनवर नुसतं "घर हवेशीर पाहिजे" एवढं म्हणालाय, आणि इकडे भिंत मिलीमीटरमध्ये मोजून उभी. पेन्सिलचं तसं नाही. तिची अर्धा मिलीमीटर जाडीची रेघ 1:100 च्या नकाशात जागेवरची 5 सेंटीमीटर असते, 1:200 च्या नकाशात 10. म्हणजे रेघेच्या पोटातच शंकेला जागा आहे. ही भिंत असेल, कदाचित नुसता कमरेइतका कठडा असेल, कदाचित जमिनीतली एक पायरी असेल. दोन दिवस ती तशीच राहू दे. मी कित्येकदा एकाच रेघेवरून चार-पाच वेळा पेन्सिल फिरवते आणि बोलता बोलता लक्षात येतं की अमुक कोपऱ्यापाशी हात आपोआप हलका पडतोय. तिथे भिंत नकोच होती.

आणि प्रमाण. याबद्दल माझं मत जरा टोकाचं आहे. पडद्यावर प्रमाण नावाची गोष्टच नसते. तिथे सगळं खऱ्या मापात काढायचं आणि चाक फिरवून हवं तेवढं जवळ जायचं. त्यामुळे रुजू झालेली मुलं पहिल्या दिवशी दाराच्या कडीपर्यंत पोचतात आणि घराचं तोंड कुठल्या दिशेला आहे हे आठवड्याने विचारतात. 1:200 ला काढलेल्या नकाशात कडी काढताच येत नाही, पेन्सिलचं टोकच तिच्यापेक्षा जाड. कागद तुम्हाला सांगतो की बाई, अजून कडीची वेळ नाही आली. आधी झाड कुठे आहे ते बघ, दुपारचं ऊन कुठून येतं ते बघ. मग 1:100, मग 1:50, मग कधीतरी कडी. हे टप्पे एकेका कागदाने पाळले जातात. एकावर एक बटर पेपर ठेवत गेलं की खालची रद्द केलेली कल्पना वरच्यातून अंधूक दिसत राहते, आणि तिसऱ्या दिवशी तीच बरी होती असं वाटू शकतं. फाइलमध्ये 'फायनल', 'फायनल न्यू', 'फायनल न्यू 2' असतं. त्यांतलं एकही उघडून कोणी बघत नाही.

बघण्याचा विषय मात्र याहून मोठा आहे, तिथे जरा थांबते.

दुसऱ्या वर्षाला आम्हाला शनिवार पेठेतला एक वाडा मोजायला पाठवलं होतं. टेपचं एक टोक मैत्रिणीकडे, दुसरं माझ्याकडे, तिसरी वहीत उतरवून घेणार. वाड्यात कुठलाच कोपरा काटकोनात नव्हता, त्यामुळे कर्ण मोजायचे, ते जुळवायचे. फोटोही काढले, पण ते फोटो आज मला आठवत नाहीत, खांब आठवतो. फोटो काढताना खांबाकडे एकदा बघणं होतं. चित्र काढायचं तर खांब खालून वर चढावा लागतो. तळाशी दगडाचा तळखडा. लाकूड जमिनीला टेकतच नाही, दगडावर बसतं, कारण खाली ओल आणि वाळवी. हे मला कागदावर दगडाची रेघ संपवून लाकडाची सुरू करताना सुचलं. तोवर त्या खांबाला टेकून मी डबासुद्धा खाल्ला होता. मग चौकोनी बुंधा, वर निमुळता होत गेलेला सुरूच्या झाडासारखा भाग, मग तुळईला टेकू देणारे कोरीव हस्त, तुळई, वर कडीपाट. पुढच्या खांबाचं अंतर मांडलं, त्याच्या पुढच्याचं मांडलं, आणि तिसऱ्यांदा तेच माप कागदावर टाकताना ट्यूब पेटली की सगळा वाडाच खणांवर, म्हणजे दोन खांबांमधल्या अंतरावर, बेतलाय. लाकूड किती लांबीचं मिळतं त्यावर खण ठरतो, आणि ओसरी किती खणांची, माजघर किती खणांचं, यावर पुढचं सगळं. जिनासुद्धा एका खणात निमूट बसवलेला.

कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठातल्या संशोधकांनी 2016 मध्ये यावर प्रयोग प्रसिद्ध केले होते. लोकांना शब्द द्यायचे, काही लिहून काढायला आणि काहींचं चित्र काढायला सांगायचं, आणि नंतर काय आठवतं ते बघायचं. चित्र काढलेले शब्द जास्त लक्षात राहिले, आणि चित्र चांगलं येण्या-न येण्याशी त्याचा संबंध नव्हता. हे वाचून मला फार समाधान वाटलं होतं, कारण माझा हात बेताचाच आहे. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षांना स्थिरचित्रातली माझी किटली नेहमी एका बाजूला कलंडायची.

आता रविवारी सकाळी विश्रामबागवाड्यासमोर नाहीतर 1886 मध्ये उभ्या राहिलेल्या मंडईसमोर वह्या, जलरंग घेऊन बसलेली मंडळी दिसतात. छान वाटतं. त्यांच्या वहीतली मंडई माझ्या वहीतल्या मंडईपेक्षा कितीतरी देखणी असते. पण मला त्या मनोऱ्यावरचं ऊन टिपायचं नसतं. मधल्या मनोऱ्याला चहूबाजूंनी लांबच लांब पाखे फुटले आहेत त्यांची छपरं एकमेकांना भेटतात कुठे आणि तिथलं पावसाचं पाणी जातं कुठे, हे मला हवं असतं. ते चित्र भिंतीवर लावण्यासारखं येत नाही. त्यात बाणच जास्त असतात.

वास्तुरचनाकार बाळकृष्ण दोशी पुण्यातच जन्मले, 1927 मध्ये, फर्निचर करणाऱ्या कुटुंबात. 1951 मध्ये पॅरिसला प्रसिद्ध वास्तुरचनाकार ल कॉर्बुझिए यांच्याकडे उमेदवारीला गेले, आणि 2018 मध्ये वास्तुकलेचं प्रित्झकर पारितोषिक मिळवणारे पहिले भारतीय ठरले. त्यांची काही चित्रं बघताना माझी मान अक्षरशः वाकडी होते. लघुचित्रांच्या धाटणीत एकाच कागदावर वरून बघितलेला नकाशा, समोरून बघितलेली भिंत, झाडं, जिने, माणसं, सगळं एकत्र नांदतं. पेशवेकालीन हातनकाशांतही हाच प्रकार आहे. रस्ता वरून दिसतो, पण त्याच्या दोन्ही कडांना देवळं आणि झाडं आडवी निजलेली. शाळेच्या भूगोलाने हे चूक ठरवलं. पण कुणालाही बालपणीचं घर काढायला सांगून बघा, असंच काढेल: ओटा वरून, तुळस समोरून, विहीर तिरकी. सॉफ्टवेअरमध्ये टॉप व्ह्यू आहे, फ्रंट व्ह्यू आहे, 'अंगणात उभी आहे आणि सगळं एकदम आठवतंय' असा व्ह्यू नाही.

एवढं म्हटल्यावर रेखाटनाला देव्हाऱ्यात बसवलं असं वाटेल, तर तसंही नको. सिडनीच्या ऑपेरा हाउसची स्पर्धा 1957 मध्ये यॉर्न उत्झन या डॅनिश वास्तुरचनाकाराने जिंकली ती शिडांसारख्या छपरांच्या मुक्तहस्त रेखाटनांवर. त्या वक्र रेषांना कुठलीच ठरलेली भूमिती नव्हती. ती छपरं बांधायची कशी हे शोधण्यात इंजिनिअरांची आणि त्याची वर्षं गेली. शेवटी 1961 च्या सुमारास तोडगा निघाला तो असा, की सगळी शिडं एकाच गोलाचे तुकडे धरायचे. 1966 मध्ये वाद होऊन उत्झन काम सोडून गेला आणि इमारत 1973 मध्ये उघडली. आज ते सिडनीचं बोधचिन्ह आहे म्हणून आपण सगळं माफ करतो. पण एक डौलदार फटकारा क्लायंटला भुलवतो, काढणाऱ्यालाही भुलवतो, हे त्यात आहेच. ज्यांचा हात फार छान आहे त्यांना हा धोका जास्त. त्यांची रेघ कच्ची असतानाच पक्की दिसते, आणि मग तिला कोणी काही विचारत नाही. म्हणजे पुन्हा कोथरूडची गच्ची.

सध्याचा नवा प्रकार तर त्याच्या पुढचा. आमच्याकडे इंटर्नशिपला आलेली मुलं एआयला चार वाक्यं लिहून देतात आणि चहा येईपर्यंत कोकणी घराची आठ चित्रं हजर. जांभा, कौलं, पावसाची झड, सगळं जागच्या जागी. मी विचारते, स्वयंपाकघर कुठे? ते चित्रात नसतं. वर गेलेला जिना उतरतो कुठे? माहीत नाही. या चित्राच्या मागे नकाशाच नाही, म्हणून त्याला खोटंसुद्धा म्हणता येत नाही. मुलांचं चुकतं असं मी म्हणणार नाही, आठ चित्रं फुकट मिळत असतील तर कोण नाही घेणार? टॅब्लेटवर पेनाने काढणाऱ्यांशीही माझं वैर नाही. हात तो हातच. फक्त दोन बोटांनी मोठं करणं आणि काढलेलं रद्द करणारा, मागे फिरणारा तो बाण, या दोन गोष्टी पहिला तासभर बंद ठेवा असं सांगते. कोणी ऐकत नाही.

साइटवर मात्र हे सगळं आपोआप जमतं, कारण तिथे पडदाच नसतो. भोपाळजवळ भोजपूरला अकराव्या शतकातलं अर्धवट राहिलेलं शिवमंदिर आहे. त्याच्या भोवतालच्या खडकावर मंडप, खांब, शिखर यांची चित्रं रेघारेघांनी कोरलेली आहेत, आजही दिसतात. ज्या जागी बांधायचं त्याच जागी काढायचं, ही रीत आमच्या मिस्त्रींनी काही सोडलेली नाही. जिना ओतायच्या आधी पायऱ्या बाजूच्या भिंतीवर खऱ्या मापात आखून घेतात. दोरी मारायची, काटकोन तपासायचा गुण्या लावायचा, पेन्सिल नाहीतर विटेचा तुकडा. एकास एक प्रमाण. माझ्या 1:50 च्या नकाशात लपून राहिलेलं पाऊण इंचाचं कोडं तिथे गुडघ्याएवढं दिसतं.

सहकारनगरमधल्या एका जुन्या बंगल्यावर मजला चढवायचं काम चालू आहे. मिस्त्री जत तालुक्यातले, वयाने माझ्याहून मोठे. परवा मी आमच्या इंटर्नला घेऊन गेले तर मिस्त्री भिंतीवरच्या पायऱ्यांसमोर कमरेवर हात ठेवून उभे होते.

"म्याडम, खाली काकांचं गोदरेजचं कपाट हाय. वर न्यायचं म्हणत्यात. ते हितं वळायचं न्हाई."

मग त्यांनी जमिनीवरच विटेच्या तुकड्याने जिन्याचं लँडिंग काढलं, त्यात आडवं धरलेलं कपाट काढलं आणि पायाच्या अंगठ्याने एक कोपरा दाबून धरल्यासारखा करत ते कसं अडतं ते दाखवलं. मी दुसरा तुकडा उचलून लँडिंग तीन इंच वाढवून बघितलं. तरी अडलं. उभं धरून बघितलं, तर वरच्या स्लॅबला लागणार. बांधकामावर पाणी मारणारा पोरगा मध्येच म्हणाला, "कठडा नसंल तर?" सगळे गप्प झाले आणि मिस्त्रींनी कठड्याची रेघ तळव्याने पुसली. कपाट मोकळ्या बाजूने तिरकं वर गेलं. जमिनीवर तरी गेलं. म्हणजे आधी जिना ओतायचा, कपाट चढवायचं, आणि कठडा त्यानंतर.

इंटर्नने मोबाइलवर त्या जमिनीचा फोटो काढला आणि मला विचारलं, "मॅम, हे ड्रॉइंगमध्ये कुठल्या लेयरवर टाकू?"

मी तिला टेप दिला आणि म्हटलं, आधी खाली जाऊन कपाट मोज. हँडलसकट. काका झोपले असतील तर काकूंना विचारून आत जा.